समूहछायाचित्र आणि भटका उजेड : अतिविस्तृत भिंगाचा डोळस वापर

शाळेची स्मरणिका हाती आली की वाचक आधी लेखांकडे वळत नाही, छायाचित्रांकडे वळतो. माजी विद्यार्थी तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा कोण, हे शोधू लागतो. पालक आपल्या मुलाचा चेहरा कोणाच्या खांद्याआड गेला का, ते पाहतात. निवासी विद्यालयाच्या बाबतीत या पानाचे मोल अधिकच असते. वाडी-वस्तीवरून आलेल्या जुन्या पिढीतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी त्यांच्या बालपणाचे दुसरे छायाचित्र नसे. वर्गाचा फोटो हीच त्या वयाची एकमेव खूण. असा फोटो घेण्याची वेळ वर्षातून एकदाच येते आणि ती पुन्हा मागता येत नाही.

आज प्रत्येक कार्यक्रमात कॅमेरे आणि मोबाइल यांची गर्दी असते. त्यातच ‘अल्ट्रा-वाइड’ म्हणजे अतिविस्तृत कोनाचे भिंग सर्वांच्या हाती आले आहे. प्रांगण लहान असो, विद्यार्थी दोनशे असोत, मागची इमारत उंच असो, सारे एका चौकटीत मावते. मात्र या भिंगाबरोबर एक अडचणही येते. चित्रावर धुरकट पडदा चढतो, हिरवे-जांभळे ठिपके उमटतात, प्रकाशाचे पट्टे चेहऱ्यांवरून ओघळतात. छायाचित्रणाच्या व्यवहारात यालाच ‘फ्लेअर’ म्हणतात. तो का निर्माण होतो आणि तो आटोक्यात कसा ठेवावा, हे संस्थेच्या कार्यक्रमांत फोटो काढणाऱ्या शिक्षक, पालक व माजी विद्यार्थ्यांपुढे सोप्या भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काचेच्या आत हरवलेला प्रकाश

खिडकीच्या स्वच्छ काचेतही आपले अंधुक प्रतिबिंब दिसते. कारण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. कॅमेऱ्याचे भिंग ही एक काच नसून अनेक काचांची रांग असते. २००७ साली बाजारात आलेले निकॉनचे १४-२४ मिलिमीटरचे भिंग हे या प्रकारातील गाजलेले उदाहरण. त्यात १४ काचा ११ गटांत बसविलेल्या आहेत, म्हणजे हवा आणि काच यांची गाठ २२ ठिकाणी पडते. या काचांवर कोणताही लेप नसता, तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४१ टक्के प्रकाश सरळ पलीकडे पोहोचला असता. उरलेला प्रकाश आतल्या आत उसळत राहिला असता, आणि त्यातील काही भाग भलत्याच ठिकाणी चित्रावर पडला असता.

या अडचणीवरील उपायाचा इतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील भिंगरचनाकार हॅरॉल्ड डेनिस टेलर यांच्या असे लक्षात आले की, जुनी, हवेने किंचित डागाळलेली भिंगे नव्या चकचकीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे जाऊ देतात. काचेवर आपोआप चढलेला तो पातळ थरच परावर्तन कमी करीत होता. पुढे १९३५ साली जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात जागेत काचेवर असा थर मुद्दाम चढविण्याची पद्धत सिद्ध केली. आजच्या भिंगांवर दिसणारी हिरवट-जांभळी झळाळी म्हणजे अशाच अनेक थरांचा लेप होय.

उत्तम लेपामुळे एका पृष्ठभागावरील परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. तरीही प्रश्न संपत नाही. २२ पृष्ठभागांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये प्रकाश पुढे-मागे उसळू शकतो, आणि अशा जोड्या होतात २३१. प्रत्येक जोडी प्रकाशस्रोताचे एक फिकट भूत चित्रावर उमटवू शकते. अर्धा टक्का परावर्तन धरले, तर असे भूत मूळ स्रोताच्या चाळीस हजारांश तेजाचे असेल. हा अंश नगण्य वाटतो. परंतु सूर्यबिंब हे उन्हातल्या पांढऱ्या भिंतीपेक्षा पन्नास हजार पटींच्या आसपास तेजस्वी असते. त्यामुळे सूर्याचा नगण्य अंशदेखील चित्रात स्पष्ट दिसतो. डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर स्वतःही चकचकीत असल्याने तोही थोडा प्रकाश मागे फेकतो आणि भुतांच्या संख्येत भर घालतो.

अतिविस्तृत भिंगालाच हा त्रास अधिक का?

पहिले कारण उघड आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग कर्णरेषेवर सुमारे ४७ अंशांचा देखावा टिपते. १४ मिलिमीटरचे भिंग ११४ अंशांचा. एवढ्या मोठ्या कवेत सूर्य, दिवा किंवा उजळ खिडकी येणारच.

दुसरे कारण भिंगाच्या आकारात आहे. अशा बहुतेक भिंगांची पुढची काच घुमटासारखी बाहेर आलेली असते. त्यामुळे चौकटीबाहेरच्या सूर्याचे ऊनही तिच्यावर पडते. चित्रात सूर्य दिसत नाही, पण त्याचा उपद्रव दिसतो.

तिसरे कारण हूडविषयी आहे. हूड म्हणजे भिंगाच्या तोंडावरचे झापड. लांब पल्ल्याच्या भिंगाला हातभर लांब झापड लावता येते. अतिविस्तृत भिंगाला तसे लावले तर तेच चित्रात येईल. म्हणून त्याचे हूड आखूड आणि पाकळ्यांसारखे कापलेले असते, आणि त्याची सावलीही तेवढीच तोकडी पडते.

मात्र याच भिंगाचा एक गुण आपल्या कामी येतो. त्यात सूर्यबिंब फार लहान उमटते. १४ मिलिमीटरच्या भिंगाने सेन्सरवर पडणारे सूर्याचे बिंब केवळ ०.१३ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या चित्राचा पावणेतीनशेवा भाग. एवढेसे बिंब झाडाच्या फांदीआड, खांबाच्या कडेआड किंवा बोटाआड सहज झाकता येते. पुढील बरेचसे उपाय याच गुणावर आधारलेले आहेत.

नुकसान चेहऱ्यांचेच का होते?

फ्लेअरची दोन रूपे आहेत. एक ठिपक्यांचे, म्हणजे वर सांगितलेल्या भुतांचे. दुसरे पडद्याचे : भटका प्रकाश सगळ्या चित्रावर सारखा पसरतो आणि रंग फिके पडतात. ठिपके डोळ्यांत भरतात म्हणून आपण त्यांच्यावर चिडतो. खरी हानी बहुधा पडदा करतो.

एक हिशेब पाहू. सूर्य पाठीशी असलेल्या मुलीचे केस २ एकक प्रकाश परत पाठवीत आहेत आणि गाल ८ एकक. दोहोंतील प्रमाण एकास चार, म्हणून केस आणि चेहरा वेगळे दिसतात. आता भटक्या प्रकाशाचे ८ एकक दोन्हींवर चढले. केस झाले १०, गाल झाला १६. प्रमाण दीडपटीच्या जरासे वर उरले. नाकाची कड, डोळ्यांची धार, हसू या सगळ्या गोष्टी याच लहान फरकांतून दिसतात. त्या राखाडी धुक्यात बुडाल्या. त्याच वेळी मागच्या उजळ भिंतीचे २०० एकक २०८ झाले. तिला काही कळलेही नाही. जे उजळ आहे त्याचे फ्लेअर काही बिघडवत नाही. जे सावलीत आहे, जे सावळे आहे, त्याचेच तपशील तो पुसतो. आपल्या मुलांचे चेहरे बहुधा सावळे आणि ऊन पाठीवर घेतलेले असतात. म्हणून फ्लेअर हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. चित्रात कोण ओळखू येणार आणि कोण येणार नाही, याचा तो प्रश्न होतो.

समूहछायाचित्र घेताना

पहिला प्रश्न असा विचारावा : अतिविस्तृत भिंगाची खरोखर गरज आहे का? मागे सरकायला जागा असेल तर दहा पावले मागे जावे आणि नेहमीचे भिंग वापरावे. अतिविस्तृत भिंग कडेच्या माणसांचे चेहरे ताणून रुंद करते, हा त्याचा दुसरा दोष. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाने ती शिक्षा का भोगावी?

जागा नसेलच तर सूर्याची दिशा आधी पाहावी. मुलांनी डोळे मिचकावू नयेत म्हणून त्यांना सूर्याकडे पाठ करून उभे करण्याची प्रथा आहे. पण त्यामुळे कॅमेरा सूर्यासमोर येतो. त्यापेक्षा इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून रांगा लावणे उत्तम. उजेड मऊ मिळतो, डोळे उघडे राहतात आणि भिंगावर ऊन पडत नाही.

सावली मिळत नसेल तर भिंगावर सावली करावी. त्यासाठी काळ्या छत्रीसारखे साधन नाही. एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या बाजूला उभे करावे. छत्रीची सावली पुढच्या काचेवर पूर्ण पडली की नाही, हे त्याने समोरून पाहावे. छायाचित्रकाराने पडद्याच्या चारही कडा तपासून छत्रीची टोके चौकटीत आली नाहीत याची खात्री करावी. एकटे असल्यास हाताचा तळवा हेच काम करतो. छत्री धरण्यापूर्वी आणि धरल्यानंतर पडद्याकडे पाहावे. केसांचा रंग एकाएकी गडद झाला, तर समजावे की पडदा उठला.

भिंगावरचा संरक्षक फिल्टर काढून ठेवावा. त्याच्या दोन्ही सपाट बाजू प्रकाश मागे फेकतात. घुमटाकार काचेच्या भिंगांना पुढे फिल्टर बसतच नाही, पण लहान भिंगांवर तो वर्षानुवर्षे चिकटून असतो. काच स्वच्छ असणे तर अत्यावश्यक. बोटाचा एक ठसाही सूर्यासमोर धुक्यासारखा पसरतो. आधी ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या कापडाने हलक्या हाताने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय सोडावी.

सूर्य चौकटीतच असेल तेव्हा

इमारत, ध्वजस्तंभ आणि उगवता सूर्य एकाच चित्रात हवे असतात, तेव्हा छत्री उपयोगी पडत नाही. अशा वेळी प्रथम सूर्य कशाच्या तरी आड घ्यावा. खांब, झाडाचे खोड, छपराची कड यांपैकी काहीही चालते. बिंब लहान असल्याने एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकणे बहुधा पुरेसे होते. बिंबाची केवळ कड डोकावू दिली, तर किरणांचा तारा उमटतो आणि भुते बरीच ओसरतात.

दुसरी युक्ती भुतांची चाल ओळखण्याची आहे. ती नेहमी सूर्य आणि चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर रांगेने उभी राहतात. सूर्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर ती खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरतात. हे एकदा कळले की ती कोठे पडतील ते आपल्याला ठरविता येते. कॅमेरा थोडा वळवून ती आकाशावर किंवा मोकळ्या मैदानावर पाडावीत, माणसांवर नव्हे. सूर्य अगदी मध्यावर घेतला तर भुते त्याच्यावरच एकत्र येऊन बरीच लपतात.

तिसरी गोष्ट अ‍ॅपर्चरची, म्हणजे भिंगातील प्रकाशछिद्राची. छिद्र लहान केले (एफ/१६) की किरणांचा तारा रेखीव होतो, पण भुतेही लहान, कडक आणि ठळक होतात. छिद्र मोठे ठेवले की भुते मोठी आणि पसरट होतात. ताऱ्याच्या किरणांची संख्या छिद्राच्या पात्यांवर अवलंबून असते : पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. वर उल्लेखिलेल्या निकॉनच्या भिंगाला ९ पाती असल्याने १८ किरण दिसतात. सामान्यतः एफ/८ पासून सुरुवात करून पुढे-मागे दोन-तीन चित्रे घ्यावीत आणि आपल्या भिंगाचा स्वभाव समजून घ्यावा. लहान छिद्राला काचेवरची धूळही उन्हात ठिपक्यांसारखी उमटते, हे ध्यानात असावे.

चौथी युक्ती दोन चित्रांची. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करावा; फोकस व प्रकाशमान हाताने ठरवून कायम ठेवावे. पहिले चित्र नेहमीसारखे घ्यावे. दुसऱ्या चित्राच्या वेळी भिंगासमोर बोट धरून केवळ सूर्य झाकावा. सूर्य झाकताच भुते आणि पडदा दोन्ही नाहीसे होतात. नंतर संगणकावर दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून, आकाश पहिल्यातून आणि उरलेला देखावा दुसऱ्यातून घ्यावा. इमारतीसाठी हा उपाय फार चांगला आहे. चुळबुळ करणाऱ्या मुलांसाठी नाही.

एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे डोळा लावून पाहू नये. कॅमेऱ्याचा मागचा पडदा त्यासाठीच आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात

शैक्षणिक सहलींत अनेक विद्यार्थी लोणावळ्याजवळील कार्ल्याची लेणी पाहतात. तेथील मोठे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंचे स्तंभ, वरच्या लाकडी कमानी आणि टोकाचा स्तूप एका चित्रात घ्यायचा, तर अतिविस्तृत भिंगाला पर्याय नाही. फ्लेअर समजून घेण्यासाठीही ही जागा उत्तम आहे, कारण आत अंधार आणि समोर प्रकाशाचा एकच मोठा झरोका : दर्शनी भिंतीतील पिंपळपानाच्या आकाराची भव्य कमान.

दारातून स्तूपाकडे पाहून चित्र घेतले तर प्रकाश छायाचित्रकाराच्या पाठीमागून येतो. फ्लेअर नाही, स्तंभ स्वच्छ. मुलांचा गट घ्यायचा असेल तर त्यांना स्तूपाकडे पाठ आणि कमानीकडे तोंड करून उभे करावे. तो मऊ उजेड चेहऱ्यांवर सुंदर पडतो. उलट आतून कमानीकडे पाहून चित्र घेतले तर सगळे गणित फिरते. कमान हा सूर्यासारखा बिंदू नसून रुंद प्रकाशस्रोत आहे. तो बोटाआड जात नाही. भुतांपेक्षा पडदाच अधिक येतो आणि स्तंभांवरचे कोरीव काम राखाडी होते. अशा वेळी फिल्टर काढावा, काच पुसावी आणि स्तंभांच्या रांगेच्या बाजूला सरकून कमानीचा काही भाग स्तंभाआड घ्यावा. चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर ऊन सरळ आत येते. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि कमानीतून केवळ आकाशाचा उजेड येतो. म्हणून आतून बाहेर पाहणारे चित्र सकाळी घ्यावे. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड वापरायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी.

मोबाइल आणि रात्रीचा कार्यक्रम

बहुतेक पालकांच्या हाती स्वतंत्र कॅमेरा नसून मोबाइल असतो. २०१९ च्या आयफोन ११ मधील अतिविस्तृत भिंगाचा कोन १२० अंशांचा होता, आणि आता साध्या मोबाइलमध्येही असे भिंग असते. त्याला हूड नसते आणि ते दिवसभर खिशात, हातात घासत असते. म्हणून मोबाइलच्या बाबतीत पहिला उपाय पुसण्याचा. दिव्याभोवती लांब तिरपा पट्टा दिसला, तर तो बहुधा काचेवरच्या तेलकट बोटाचा परिणाम असतो. बोट ज्या दिशेने फिरले, त्याच्या काटकोनात तो पट्टा पडतो.

रात्री मंचावरच्या दिव्यांसमोर एक हिरवा ठिपका चित्रात तरंगताना दिसतो. तो दिव्याचे भूत असतो आणि मध्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला उमटतो. मोबाइल किंचित वर-खाली केला की ठिपका सरकतो. तो वक्त्याच्या चेहऱ्यावरून काळ्या पडद्यावर नेऊन सोडावा. शक्य असेल तेथे एक-दोन पावले पुढे जाऊन मुख्य भिंग वापरावे. मोबाइलमध्ये ते सहसा अतिविस्तृत भिंगापेक्षा सरस असते.

संगणकाची मर्यादा

‘नंतर संगणकावर दुरुस्त करू’ हे आश्वासन निम्मेच खरे आहे. निळ्या आकाशावरचा ठिपका सहज पुसता येतो. पडदा काही अंशी हटविता येतो. पण त्याखाली जे फरक मिटले ते पुन्हा उजळ करताना दाणेदार खडबडीतपणाही वाढतो. चेहऱ्यावर पडलेला ठिपका मात्र वेगळी गोष्ट आहे. हल्लीची साधने तेथे नवे डोळे, नवे नाक भरून देतात. ते यंत्राने कल्पिलेले असते. त्या मुलाचे नसते. सजावटीच्या चित्रात ते खपेल, शाळेच्या इतिहासात खपू नये. स्मरणिकेसाठी किंवा दप्तरी जतनासाठी चित्र देताना मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी, आणि दुरुस्त प्रत वेगळी ठेवावी.

फ्लेअर सर्वथा वाईटच, असेही नाही. प्रार्थनेच्या वेळी खिडकीतून आलेला तिरपा किरण, मैदानावरची सोनेरी धूळ यांना थोडी झाक शोभूनही दिसते. ती आपण निवडलेली असावी आणि तिच्याखाली कोणाचा चेहरा पुसला जाऊ नये, एवढेच पथ्य.

सारांश, बटण दाबण्यापूर्वी चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात : ऊन कोठून येते, भिंगावर सावली आहे का, काच स्वच्छ आहे का, आणि भुते कोणावर पडत आहेत. यास अर्धा मिनिटही लागत नाही. पन्नास वर्षांनी ते पान उघडणाऱ्या आजोबांना नातवापुढे बोट ठेवून ‘हा मी’ असे निःशंकपणे म्हणता यावे, यासाठी एवढा वेळ द्यायला हरकत नसावी.